डबल बेल

धाराशिवला गाण्याचा कार्यक्रम असला की पहिल्या रांगेत सोफे असतात. सोफ्यांवर पांढरे टॉवेल, पुढं टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या आणि बाटल्यांच्या मागं पाहुणे. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ असं सांगून प्रास्ताविक करणारा तो व्यवस्थित घेतो. मग तंबोरे जुळायला लागतात आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची आठवण होते. ते उठतात, त्यांना सोडायला संयोजक उठतात, संयोजकांच्या मागं फोटोग्राफर. गायक षड्ज लावतो तेव्हा समोर ऐकायला उरतात ते सोफे.

ह्याच घटकेची वाट बघत तिसऱ्या रांगेच्या कडेला एक गृहस्थ चपला काढून तयार असतात. पाहुण्यांची पाठ वळते न वळते तोच ते मधल्या सोफ्यावर मांडी घालतात, टॉवेलची घडी करून बाजूला ठेवतात, साहेबांसाठी आणलेल्या बाटलीतले दोन घोट घेतात आणि गायकाकडं बघून मान तुकवतात. म्हणजे, हं, करा आता सुरू, ऐकणारा आला.

हे आमचे मास्तर.

कुठल्या शाळेवर होते, असं विचारू नका. आमच्याकडं एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. ‘मास्तर, एक फुल एक हाफ येरमाळा’, ‘मास्तर, सुटे राहिले माझे’ असं ऐकत त्यांची सगळी नोकरी गेली. असे मास्तर मराठवाड्यातल्या प्रत्येक डेपोत एखाददुसरे सापडतील. आमच्या वाट्याला आलेला नमुना जरा ठसठशीत आहे, एवढंच. अंगात पांढरा नेहरू शर्ट, खांद्याला शबनम. शबनममध्ये धपाटे, शेंगाची चटणी, कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे आणि तिकिटं टोचायचा जुना चिमटा. तिकिटाची यंत्रं आली तेव्हा तो चिमटा डेपोत जमा व्हायला हवा होता. झाला नाही. कसा झाला नाही, हे मी विचारलेलं नाही.

ह्या चिमट्यावर मास्तरांचा ताल बसला. गच्च भरलेल्या गाडीत दांड्यावर टिकटिक करत ते मागून पुढं सरकायचे, तेव्हा ऐकणाराला कळायचं की हा नुसता ‘तिकीट बोला’ नाही, तीनताल आहे. बाराव्या-तेराव्या मात्रेला कुणीतरी शंभराची नोट पुढं करायचं आणि सम राहून जायची. त्याही आधी त्यांचा कान घडला तो तुळजापूरच्या संबळावर. नवरात्रात गोंधळ्यांच्या पुढ्यात रात्रभर बसून राहणारं पोरगं पुढं तबल्यापुढंही तसंच बसलं. फरक पडला तो एवढाच की संबळापुढं अंगात यायची मुभा असते.

आता त्यांच्या दादेविषयी. बाकीचे रसिक समेवर मान हलवतात, कुणी हात पुढं फेकतात, कुणी ‘क्या बात है’ म्हणतात. मास्तरांचा उजवा हात डोक्याच्या वर जातो आणि तिथं नसलेली एक दोरी ओढतो. जुन्या गाडीत टपाखालून ड्रायव्हरपर्यंत दोरी गेलेली असायची, तिच्या टोकाला घंटी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की जाऊ दे. समेवर मास्तर एक बेल देतात. गायकानं पुन्हा आवर्तन उचलावं, आणखी गावं असं वाटलं तर डबल बेल. तोंडानं काही बोलायची गरज पडत नाही, तरी ते बोलतातच.

रागसंगीताचं शास्त्र त्यांनी गाडीतच बसवलंय. बडा ख्याल म्हणजे साधी गाडी. येडशी, पांगरी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, सगळे थांबे घेत पुण्याला जाणार. ज्याला घाई आहे त्यानं चढूच नये. छोटा ख्याल म्हणजे निमआराम. तराणा विनाथांबा. भैरवी लागली की लोक पिशव्या सावरायला लागतात, खाली वाकून चपला चाचपतात, म्हणजे स्टँड आलं. हे सगळं ते मध्यंतरात चहाच्या टपरीवर सांगतात आणि मला तरी ह्यात खोट काढता आलेली नाही. संगीत समीक्षेवरची काही जाड पुस्तकं वाचून ह्याहून कमी कळलंय.

गडबड आहे ती समेची. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच, पण गायकानं लय पार खाली नेली की एकेक आवर्तन मिनिटभराच्या घरात जातं. मास्तरांना एवढा दम निघत नाही. आयुष्यभर थांबा यायच्या आधी ओरडायची सवय. नवव्या मात्रेला ते सावरून बसतात, दहाव्याला हात वर जातो आणि अकराव्याला बेल वाजते. गायक बिचारा अजून चार सुरांच्या अंतरावर. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात मी एका तबलजीला ह्या प्रकारानं हैराण झालेला बघितलाय. आधी तो हसला, मग त्यानं मास्तरांकडं बघणं सोडलं, पुढं पुढं तर डोळे मिटूनच वाजवायला लागला. मध्यंतरात मास्तर कौतुकानं म्हणाले, “काय तंद्री लागली वो त्याची!”

शेजारी बसणाऱ्यांसाठी एक सूचना. मास्तर ताल स्वतःच्या मांडीवर धरत नाहीत, शेजारच्याच्या मांडीवर धरतात. स्वतःच्या मांडीवर धपाट्याचा डबा असतो.

नोकरीत असताना गाणं ऐकायची त्यांची सगळी मदार मुक्कामी गाडीवर. कुठं, कधी, कुणाचं गाणं आहे ह्याचं टिपण त्यांच्या वहीत असायचं आणि ड्यूटी लावणाऱ्या साहेबांच्या घरी हुरडा वेळच्या वेळी पोचायचा. २५ नोव्हेंबर आला की अंबाजोगाई. यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतीसाठी तिथं तीन दिवसांचा समारोह भरतो. व्याख्यान, कविसंमेलन, गाणं, जे असेल ते मास्तर ऐकणार. डिसेंबरात पुणे मुक्काम. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा पहाटेपर्यंत चालायचा, आणि मास्तर गाडी स्टँडात लावून, हिशेब करून, खाकीवर स्वेटर चढवून रमणबागेत हजर. पहाटे भैरवी ऐकून थेट गाडीवर. अशा एका सकाळी भिगवणपर्यंत प्रत्येक उतारूला त्यांनी तिकिटाबरोबर ‘वाहवा’ दिली, असं त्यांचा ड्रायव्हर सांगायचा.

रमणबागेतला एक प्रसंग त्यांच्यासोबत असलेल्या त्याच ड्रायव्हरनं मला सांगितलाय. गायकानं आलापी सुरू केली होती. ड्रायव्हर हळूच म्हणाला, “मास्तर, राग कंचा?” मास्तर डोळे मिटून म्हणाले, “थांब जरा. गाडी कुठल्या फाट्याला वळती ते बघू.” शेजारी सतरंजीवर पुण्यातले एक वयस्कर गृहस्थ बसले होते, मफलर, वही, पेन्सिल. त्यांनी चमकून मान वळवली.

“क्षमा करा, आपण मास्तर?”

“व्हय.”

“कोणतं घराणं म्हणायचं आपलं?”

“धाराशिव डेपो.”

“असं का! आणि तालीम किती वर्षं?”

“सर्व्हिस म्हनता का? ईस वर्सं झाली. अजून तेवढीच हाय.”

गृहस्थांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. गाणं सुरू असताना ते अधूनमधून मास्तरांच्या हाताकडं बघत होते. दुसऱ्या तासाला त्यांनीही, जरा बिचकत, डोक्यावरची दोरी ओढून पाहिली. पुण्यात ते घराणं पुढं वाढलं की नाही, ठाऊक नाही.

किशोरी आमोणकरांच्या गाण्याला मात्र मास्तरांची परीक्षा व्हायची. ताईंना समोर चुळबुळ खपत नसे, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत. मास्तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे, तोंडात रुमालाचा बोळा. सम आली की बूड सोफ्यावरून चार बोटं वर जायचं आणि परत खाली यायचं. बाहेर आल्यावर स्टँडपर्यंत चालत, साठलेल्या सगळ्या बेला ते रस्त्यानं देऊन टाकायचे.

उरुसातली कव्वालीही ते सोडत नाहीत. धाराशिवच्या ख्वाजा शमशोद्दीन गाझींच्या उरुसात कव्वालापुढं नोटा ठेवायची रीत. मास्तरांनी दहाची नोट पुढं केली आणि हात तसाच पसरून उभे राहिले. कव्वालाला वाटलं, दुवा मागतायत, त्यानं दिली. मास्तर म्हणाले, “पाच परत.” आयुष्यभर लोकांचे सुटे ठेवून घेतलेल्या माणसानं हे म्हणावं, ह्यावर मांडवातले त्यांचे जुने उतारू जे हसले, त्यात पुढचं कडवं वाहून गेलं.

इथपर्यंत वाचून मास्तर शास्त्रीय संगीताचेच असं वाटेल. तसं नाही. सिनेमा त्यांना तितकाच लागतो. फक्त एक उलटापालट आहे. गाण्याच्या बैठकीत ते सिनेमाला बसल्यासारखे बसतात: खातात, पुढं काय होणार ते शेजाऱ्याला सांगतात, तबलजी आणि गायकाची जुगलबंदी लागली की ‘आता धरतंय बघ त्याला’ म्हणून उठून उभे राहतात. आणि सिनेमाला गेले की बैठक मारतात, डोळे मिटतात. सैराट आला तेव्हा, २०१६ साली, अख्खं थिएटर खुर्च्या सोडून नाचत होतं. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, म्हणजे आमच्या परंड्याला लागून. सीमेपलीकडच्या पोराचं कौतुक म्हणून मास्तर पहिल्या दिवशीच गेले. ते एकटे बसून. डोळे मिटलेले, बोटं मोजतायत. नाचणाऱ्या पोराचा धक्का लागला तर त्यालाच म्हणाले, “नाचतोस काय लका, लय बग.”

सिनेमाचं हे वेड तंबूतलं. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. तसल्या यात्रांतून तंबूत सिनेमा लागायचा. जमिनीवर बसायचं, पडद्याला वारं लागलं की हिरॉईनचं तोंड फुगायचं. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की अंधार, आणि नवं चढेपर्यंत शिट्ट्या. मास्तर त्या अंधारात जाऊन ऑपरेटरला चहा आणि बिडी पोचवायचे. मोबदल्यात गाण्याचं रीळ परत लागायचं. वन्समोर! १८८० साली किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल उभं केलं त्यानंतर महाराष्ट्राला जे व्यसन लागलं, ते एका चहात भागवायची सोय तंबूत होती. कथेचं काय व्हायचं ते होवो. मेलेला नायक वन्समोरला उठून पुन्हा गायचा आणि पुन्हा मरायचा, हे मास्तरांना कधी खटकलं नाही. त्यांच्या मते गाणाऱ्याला तेवढी सवलत पाहिजेच.

१९९१ साली माहेरची साडी आला. बायकांचा खेळ, बायकांची गर्दी. मास्तर बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन गेले आणि अलका कुबलचे हाल बघून असे हुंदके द्यायला लागले की पुढच्या बायकांना आपलं रडू ऐकू येईना. एकीनं मागं वळून सांगितलं, “आवो भाऊ, आमाला रडू द्या की!”

पण मास्तरांच्या रसिकतेचा कळस मी बघितला तो २०१५च्या नोव्हेंबरात, कट्यार काळजात घुसलीला. मूळ नाटक १९६७चं, दारव्हेकरांचं. अभिषेकीबुवांचं संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. मास्तरांनी ते नाटक रेकॉर्डवर ऐकून ऐकून झिजवलेलं. सिनेमात पंडितजी झालेत शंकर महादेवन, खाँसाहेब सचिन पिळगावकर. आम्ही सोलापूरला गेलो. नव्या पद्धतीचं थिएटर, गार हवा, पायाखाली गालिचा. पडद्यावर शंकर महादेवन यांनी तान घेतली आणि अंधारातून मास्तरांचा हात वर गेला. एक बेल. दुसरी तान, डबल बेल. सवाल-जवाब लागला तेव्हा त्यांनी दोन्ही बाजू घेतल्या. पंडितजींना ‘जियो’ म्हणून झालं की खाँसाहेबांनाही वाईट वाटू नये म्हणून ‘तुमचंबी ब्येस’.

मागच्या रांगेतला एक पोरगा शेवटी पुढं वाकला. “काका, ते ऐकत नाहीयेत. सिनेमा आहे तो.”

मास्तर वळले. “ते न्हाई ऐकत, मला ठाव हाय. तू ऐकलास न्हवं?”

पोरगं गप्प झालं. मला मात्र त्या एका वाक्यात मास्तरांचा सगळा कारभार उलगडला. ते दाद गायकाला देत नाहीत, आपल्याला देतात. आपण शेजारी बसलोय, आपल्या लक्षातून जागा निसटू नये, म्हणून ते थांबा यायच्या आधी ओरडतात. झोपलेल्या उतारूला वेळेत उठवायचं, नाहीतर त्याचं गाव मागं पडतं.

एवढं गंभीर होऊन मी पडद्याकडं वळलो तर मास्तर जागेवर नव्हते. दाराशी टॉर्चवाल्या पोराला गाठून उभे. “हे गानं परत लावा.” पोरगा म्हणाला, तसं करता येत नाही, सगळं कॉम्प्युटरवर असतं. मास्तर म्हणाले, “मग तर सोप्पं हाय. रीळ गुंडाळायचं तरी काम न्हाई.” त्याला चहाला पैसे देऊ केले. मॅनेजर आला. मॅनेजरलाही देऊ केले.

धाराशिवला, स्वतःच्या गावात, मास्तरांना मेजवानी मिळाली ती दोनदा. एप्रिल २०१७ मध्ये ९७वं नाट्यसंमेलन भरलं, जयंत सावरकर अध्यक्ष. आणि जानेवारी २०२० मध्ये ९३वं साहित्य संमेलन, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. नाट्यसंमेलनात मास्तर एप्रिलच्या उन्हात डोक्यावर ओला टॉवेल टाकून दिवसभर मांडवात. साहित्य संमेलनात त्यांना ऐकायला राग नव्हता, तरी सवय कुठं जाते. समारोपाला ठराव वाचले गेले, आणि मराठीच्या अभिजात दर्जाच्या मागणीवर मांडवातून आरोळी आली, “क्या बात है! परत एकदा!” ठरावाला मिळालेला हा बहुधा एकमेव वन्समोर.

एवढा दिलदार श्रोता, पण घरात? काकू आराधी गाणी गातात. आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडं देवी जागी व्हावी. एकदा मी विचारलं, मास्तर तुम्हाला काय म्हणतात? त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, “म्हनतात, च्या टाका.” मास्तरांना छेडलं तर म्हणाले, “घरच्या गाडीत कुनी तिकीट फाडतं का?” हे उत्तर झालं असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही, आणि काकूंना तर नाहीच. मास्तर कुठल्याही कार्यक्रमाला निघाले की त्या दिवशी डब्यातले धपाटे हमखास खारट का होतात, ह्याचा मास्तरांनी अजून शोध घेतलेला नाही.

मोठे गवई आमच्याकडं वारंवार येत नाहीत. मधल्या काळात मास्तरांची भूक भागते ती गल्लीतल्या गाण्याच्या क्लासवर. परवाच्या गुरुपौर्णिमेला क्लासच्या बाईंनी मुलांची गाणी ठेवली होती. शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि प्रत्येक पालकाच्या हातात मोबाइल. पालकांची एक खोड आहे: आपलं पोर गाऊन झालं की ते पोराला उचलून घरी जातात. शेवटच्या पोरासमोर त्याची आई आणि बाईच उरतात. मास्तर पहिल्यापासून पहिल्या रांगेत. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्यांनी पोरांना गोळा करून पेढे वाटले आणि नियम समजावला: हात एकदा ओढला की भारी झालं, दोनदा ओढला की गात राहायचं.

तिसरीतला एक बारका मुलगा भूप गायला बसला. पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून खुर्ची काढून सतरंजी दिली. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पोरानं घाबरून दोन्ही घेतले. मास्तरांनी दोन्हींना बेल दिली. पोराचा चेहरा उजळला. त्यानं पाठ केलेल्या चारही ताना घेतल्या, मास्तरांनी डबल बेल दिली, त्यानं चारही पुन्हा घेतल्या. पुन्हा डबल बेल. ह्या खेपेला त्यानं पाचवी, स्वतःच्या मनची घेतली, तिला कुठलाच राग नव्हता. मास्तर अर्धे उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी दोरी ओढली. पोरगं आता कुणाचं ऐकेना. पेटीवरच्या दादांनी सूर सोडला तरी त्याचं चालू. मागं आठ पोरं रांगेत, त्यांच्या आयांचे चेहरे बदलायला लागलेले.

बाई विंगेतून अर्ध्या बाहेर आल्या. “मास्तर, एक बेल द्या की आता! थांबवा त्याला!”

मास्तरांनी त्यांच्याकडं न बघता सांगितलं, “हितं थांबा न्हाई, बाई. विनंती थांबा पाहिजे आसंल तर हात करा.”

बाईंनी भर हॉलमध्ये हात केला.